सशाच्या अंगावरची गाठ: बघत राहावं, फोडावी की अख्खी काढावी?

घरात ससा येऊन वर्ष-दोन वर्षं झाली आहेत आणि कुरवाळताना परवा बोटांना गाठ लागली, अशा माणसासाठी हे लिहितोय. पिंजरा, गवत, नखं वगैरे तुम्हाला माहीत आहे असं धरतो. मी डॉक्टर नाही. आमच्या भुऱ्याच्या खांद्यामागे दुसऱ्या नराने चावा घेतला होता, तिथे पुढे गाठ आली आणि खाली दिलेले तिन्ही प्रकार आमच्याकडे करून झाले. तेवढीच माझी शिदोरी.

आधी एक चाचपणी. मादीच्या गळ्याखाली लोंबणारी चरबीची घडी ही गाठ नव्हे. पोटावरचे बारीक टिपके बहुतेकदा स्तनाग्रं असतात, नरालाही असतात. लांब केसांच्या सशात नुसता गुंता बोटाला गाठीसारखा लागतो. हे सोडून काही असेल तर पुढे वाचा.

बघत राहणं. हा सल्ला सगळ्यात जास्त मिळतो, कारण गळू पिकू द्यावं, मग ते आपोआप फुटतं, हे आपल्या घरोघरी पक्कं ठरलेलं आहे. आमच्याकडेही शेक आणि हळदीच्या पोटिसाची शिफारस शेजारून आली होती. माणसाचा पू पातळ होतो म्हणून तिथे ते चालतं. सशाच्या पांढऱ्या पेशींत पू पातळ करणारं रसायन फार कमी असतं असं सांगतात, त्यामुळे त्याचा पू दह्याच्या चक्क्यासारखा घट्ट राहतो. त्याभोवती जाड आवरण तयार होतं. असलं गळू पिकायची वाट बघण्यात अर्थ नाही. ते वाढतं, कधी आतल्या बाजूला वाढतं, आणि औषध त्या आवरणातून आत नीट पोचत नाही.

तरी बघत राहणं हा अगदीच वाईट पर्याय नाही. गळू सोडलं तर सशाच्या कातडीवर सर्वांत जास्त आढळणारी गाठ म्हणजे ट्रायकोब्लास्टोमा, केसांच्या मुळाशी होणारी वाढ, आणि ती सहसा निरुपद्रवी असते. चरबीच्या गाठीही होतात. ससा म्हातारा आहे, गाठ लहान आहे, कातडीखाली सहज सरकते आणि स्वारी नेहमीसारखी खातेय, तर दोन आठवडे थांबायला माझी हरकत नसेल. मात्र बोटांच्या अंदाजावर थांबू नका. केस बाजूला करून शेजारी पट्टी ठेवून फोटो काढा आणि दर आठवड्याला वजन करा. ‘वाढलीय का गं?’ ‘नाही, तेवढीच वाटतेय’ हा संवाद आमच्या घरात इतका चालला की शेवटी पट्टी आणली.

सुई घालून तपासणं हा वेगळा पर्याय म्हणून मी धरतच नाही, कारण पुढे काहीही करायचं ठरलं तरी ती आधी हवीच. एकच गोष्ट लक्षात ठेवा. पू घट्ट असल्यामुळे बारीक सुईतून बऱ्याचदा काहीच येत नाही. म्हणून ‘काही निघालं नाही’ याचा अर्थ ‘गळू नाही’ असा होत नाही. जाड सुईने पुन्हा बघा म्हणायला संकोच करू नका.

आता खरा प्रश्न. गळू आहे हे कळलं, मग फोडून धुवायचं की आवरणासकट अख्खं काढायचं?

फोडण्याच्या बाजूने बोलण्यासारखं पुष्कळ आहे. जवळच्या कुठल्याही दवाखान्यात होतं, खर्च कमी, भूल हलकी लागते, अर्ध्या तासात घरी. आमचं नाशिकमध्येच झालं. डॉक्टरांनी चीर दिली, आतलं काढलं आणि सांगितलं, जखम लवकर बुजू देऊ नका, सकाळ-संध्याकाळ सलाइन आणि पातळ केलेल्या बेटाडीनने धुवा.

या ‘सकाळ-संध्याकाळ’नेच माझं मत ठरवलं.

सशाची कातडी वरून फार लवकर जुळते. आत पोकळी तशीच असते आणि वर खपली धरलेली असते. म्हणजे रोज ती खपली ओली करून काढायची, सिरिंजचं तोंड आत घालायचं आणि पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवायचं. कुत्रा निदान ओरडतो, तुम्हाला कळतं. ससा गप्प राहतो आणि अचानक मागच्या पायांनी लाथ मारतो. नीट धरलेला नसेल तर त्या लाथेने त्याचाच मणका मोडू शकतो. त्यामुळे एकाने टॉवेलमध्ये गुंडाळून धरायचं आणि दुसऱ्याने धुवायचं, म्हणजे दोन माणसं हवीत. मला नऊला कामावर पोचायचं, बायकोची सकाळची शाळा. हे सगळंही जमवलं असतं. पण भुऱ्याला तो निळा टॉवेल कळायला लागला. कपाटाचं दार उघडलं की तो फ्रिजमागे. बाहेर काढला की धुणं, आणि धुतल्यावर दोन-तीन तास गवताला तोंड नाही. ससा खायचा थांबला की त्याचं आतडं थांबतं. अर्धा दिवस काही खाल्लं नाही तर ती तातडीची वेळ समजतात. म्हणजे गाठीवरच्या उपायाने रोज दोनदा तिच्यापेक्षा मोठ्या संकटाच्या दारात नेऊन ठेवायचं. शिवाय चाटू नये म्हणून गळ्यात कोन घातला तर त्याला आपल्या मऊ लेंड्या खाता येत नाहीत, आणि त्या त्याला खाव्याच लागतात.

एवढं करून गळू पुन्हा भरलंच. आवरण आत तसंच राहिलं होतं, त्यामुळे भरणं स्वाभाविक होतं असं नंतर दुसऱ्या डॉक्टरांनी समजावलं. काहींचं फोडून एकदाच बरं होतंही. नाही म्हणत नाही.

अख्खं काढण्यासाठी आम्ही मुंबईला गेलो, ससे-पक्षी नेहमी बघणाऱ्या डॉक्टरांकडे. उन्हाळ्याचे दिवस होते. सशाला ऊन सोसत नाही, म्हणून पहाटे निघून उजाडायच्या सुमाराला कसारा घाट उतरलो. पैसे फोडण्याच्या कितीतरी पट लागले, ते लपवत नाही. पण गाठ आवरणासकट एक तुकडा म्हणून निघाली, आतून टाके घातले, वेदनाशामक दिलं, आणि घरी आल्यावर आमच्याकडे फक्त टाके बघण्याचं काम उरलं. टॉवेल लागला नाही. संध्याकाळी त्याने कोथिंबीर खाल्ली. माझ्या दृष्टीने हिशोब तिथेच मिटला.

भुलेची भीती मात्र खरी आहे. ब्रिटनमधला २००८ साली प्रसिद्ध झालेला मोठा अभ्यास आहे. त्यात भुलेशी संबंधित मृत्यूंचं प्रमाण कुत्र्यांत ०.१७ टक्के, मांजरांत ०.२४ टक्के, तर सशांत १.३९ टक्के निघालं. म्हणजे साधारण ७२ सशांमागे एक. ‘नकोच ते’ म्हणणाऱ्याला मी दोष देणार नाही. पण त्याच अभ्यासातला पुढचा आकडा बघा: धडधाकट सशांत प्रमाण ०.७३ टक्के, आजारी सशांत ७.३७ टक्के, जवळजवळ दहापट. त्यामुळे करायचंच असेल तर ससा खातापिता असताना आणि गाठ लहान असतानाच करावं, असं मला वाटतं. फोडून, महिनाभर झगडून, वजन उतरल्यावर त्याच टेबलावर नेणं हा सगळ्यात महागडा मार्ग. दगावलेल्या सशांपैकी निम्म्याहून जास्त ऑपरेशननंतरच्या तासांत गेले, हेही त्यात आहे. म्हणून ऊब, वेदनाशामक आणि पोटात काहीतरी जाणं यावर आम्ही रात्रभर लक्ष ठेवलं.

दोन ठिकाणी माझा कल उपयोगाचा नाही. गाठ जबड्यावर असेल तर बहुधा मूळ दाताच्या मुळाशी असतं. सशाचे दात आयुष्यभर वाढतात, आणि गवत कमी, गाजर-बिस्किटं जास्त अशा घरांत ते नीट झिजत नाहीत. तिथे कवटीचा एक्स-रे, जमल्यास सीटी, काढल्याशिवाय चीर देऊ देऊ नका. हाडात शिरलेलं गळू अख्खं निघेलच असं नाही. मग जखमेच्या कडा कातडीला शिवून ती मुद्दाम उघडी ठेवतात आणि रोजचं धुणं चुकत नाही. दुसरं म्हणजे नसबंदी न झालेल्या मोठ्या मादीच्या स्तनाजवळची गाठ. तिथे गर्भाशयाचीही तपासणी एकदमच करून घ्या, कारण अशा माद्यांत गर्भाशयाचा कर्करोग बराच आढळतो.

आणि कुठलाही पर्याय घ्या, घरात उरलेलं अमॉक्सिसिलिन तोंडाने देऊ नका. कुत्र्या-मांजराला चालणारं हे औषध तोंडावाटे दिलं तर सशाच्या आतड्यातले उपयोगी जीवाणू मारतं आणि त्यात ससा दगावू शकतो. क्लिंडामायसिनचंही तेच. कुणी चिठ्ठीवर लिहून दिलं तरी तोंडाने द्यायचं का, हे परत विचारा.

डॉक्टर कोण निवडावा हे मी फोनवरच ठरवतो. ऑपरेशनआधी किती वेळ उपाशी ठेवायचं, एवढंच विचारतो. सशाला उलटी होतच नाही, त्यामुळे त्याला रात्रभर उपाशी ठेवायचं कारण नसतं. उलट त्याने आतडं मंदावतं. ‘रात्री दहानंतर काही देऊ नका’ असं उत्तर आलं तर ते डॉक्टर कुत्र्यांसाठी उत्तम असतील, मी आभार मानून फोन ठेवतो. ‘गवत बरोबर घेऊन या, शुद्धीवर आला की लगेच लागेल’ असं म्हणणारे भेटले, तर घाट उतरून जायला माझी ना नाही.