पितळी पाटी खरी होती, गाडी नव्हती

चुंबक पत्र्याला चिकटला नाही आणि मी मनातल्या मनात सौदा पक्का करून टाकला.

ती जुनी हाउसकार, म्हणजे आत राहण्याची सोय असलेली गाडी, विकणाऱ्याने फोनवरच सांगितलं होतं, "येताना चुंबक घेऊन या, स्वतः तपासा. सगळी बॉडी ॲल्युमिनियमची आहे." मी नेला. पुढचा थेंबासारखा गोल भाग, दोन्ही बाजू, मागचं दार, सगळीकडे लावून पाहिला. कुठेच चिकटला नाही. तो माणूस शांतपणे बाजूला उभा होता. घाई नाही, आग्रह नाही. ज्याला काही लपवायचंय तो चुंबक आणायला कशाला सांगेल, असं मला वाटलं.

फायबरलाही चुंबक चिकटत नाही. हे मला माहीत होतं, पण त्या दिवशी ते आठवलंच नाही. कारण मी गाडी तपासत नव्हते, त्याने जे तपासायला सांगितलं तेवढंच तपासत होते.

त्याचं म्हणणं असं, की ही १९३८ ची हाउसकार. कुणा हौशी माणसाने फोर्ड व्ही-८ वर, म्हणजे आठ सिलिंडरच्या इंजिनाच्या फोर्डवर, स्वतः बांधलेली, दुसरी नाही. यात अशक्य काही नव्हतं. त्या काळी अमेरिकेत अशा गाड्या खरोखर बांधल्या गेल्या. हॉलिवूडचे छायाचित्रकार जे. रॉय हंट यांनी फोर्डचं व्ही-८ इंजिन घालून थेंबाच्या आकाराची चालतीफिरती घरं बनवली होती. मी त्याबद्दल वाचलेलं होतं, हे बोलता बोलता त्याच्या लक्षात आलं. मग तो म्हणाला, "हंटची गाडी बघूनच बांधली असणार." ती हंटची आहे असं तो एकदाही म्हणाला नाही. ते मीच मनात धरून चालले.

कारखान्यात बनलेली मोटरहोम, म्हणजे असंच चालतंफिरतं घर, ओळखणं तुलनेने सोपं असतं. अमेरिकेतल्या जीएमसी कंपनीची मोटरहोम १९७३ ते १९७८ या काळात बनली, इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना देणारी. क्लार्क कंपनीची कॉर्टेझ १९६३ पासूनची. शंका आली तर कंपनीची माहितीपुस्तिका काढा, तशीच दुसरी गाडी बघा, शेजारी शेजारी ठेवून फरक दिसतो. एकट्यादुकट्या बनवलेल्या गाडीला जोडीदारच नसतो. खिडकी वेगळी का? कारण ती हाताने बनवलेली. दिवे वेगळे का? मालकाची आवड. कुठल्याही विसंगतीला हेच उत्तर पुरतं आणि फसवणाऱ्याला यापेक्षा सोयीचं दुसरं काही नाही.

त्याने काही गोष्टी आपणहून कबूल केल्या. "इंजिन मूळचं नाही, नंतर बदललंय. सांगितलेलं बरं." एवढ्या प्रामाणिकपणाने माझा उरलासुरला संशय गेला. आता कळतं, त्या एका वाक्याने त्याने अलीकडची बारा व्होल्टची बॅटरी, नवं वायरिंग, नवे ब्रेक या सगळ्यांची सोय लावून ठेवली होती.

आणि गाडीचा क्रमांक असलेली ती पितळी पाटी. दाराच्या चौकटीच्या आतल्या बाजूला, तळहाताएवढी, कडा झिजलेल्या, अक्षरं अर्धी पुसट. कागदपत्रांवरचा क्रमांक आणि पाटीवरचा क्रमांक अंकाला अंक जुळला. मी त्यावरून बोट फिरवलं तेव्हा रिवेटची डोकी बोटाला लागली. गुळगुळीत, चकचकीत, प्रत्येकाच्या मधोमध बारीकसं भोक. पाटी ऐंशी वर्षांची आणि रिवेट कालचे. तिथेच थांबायला हवं होतं. थांबले नाही, सगळी रक्कम दिली.

गाडी घरी आल्यावर एका जुन्या मेकॅनिक काकांना दाखवली. त्यांनी पाटीकडे पाहिलंसुद्धा नाही. जॅक लावला, टॉर्च घेतला आणि सरळ खाली सरपटत गेले. थोड्या वेळाने आतूनच आवाज आला, "ताई, ही फोर्ड नाही हो."

त्या काळच्या फोर्डच्या मोटारींना पुढे आडवा एकच पाटा, म्हणजे पोलादी पट्ट्यांची स्प्रिंग, असे, एका चाकापासून दुसऱ्या चाकापर्यंत. इथे डाव्या-उजव्या बाजूला लांबीच्या दिशेने वेगवेगळे पाटे होते. मग काकांनी चासीच्या, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्याच्या, पट्टीवर साचलेला काळा थर वायर ब्रशने घासून काढला. खाली ठोकून उमटवलेला क्रमांक निघाला. पाटीशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता. क्रमांकाचा माग काढला तर चासी निघाली डॉजची, १९७० च्या दशकातली, मोटरहोम बांधणाऱ्यांना डॉज पुरवायचं त्यातली.

नंतर बॉडीही बोलू लागली. बाजूच्या रंगाखाली पुढे आणि मागे बुजवलेली छोटी भोकं सापडली. अमेरिकेत गाड्यांना बाजूचे दिवे १९६८ पासून सक्तीचे झाले, त्या दिव्यांची ती भोकं. पुढच्या गोल भागात आतून, कपाटाच्या मागे, रंग खरवडला तर काचेचे धागे हाताला टोचले. काचेचे धागे आणि रेझिनच्या, म्हणजे फायबरच्या, बॉड्या बाजारात रुळल्या त्या दुसऱ्या महायुद्धानंतर. शेव्हरोलेची फायबर बॉडीची कॉर्व्हेटसुद्धा १९५३ ची.

म्हणजे झालं होतं असं, की कुठल्यातरी मोडीत निघालेल्या जुन्या गाडीची पाटी आणि तिचे कागद खरे, आणि खालची गाडी भलतीच. नुसतं वय खोटं असतं तर मी रडून गप्प बसले असते. पण कागद एका गाडीचे आणि चासी दुसरीची, म्हणून ती माझ्या नावावर होत नाही, रस्त्यावर काढता येत नाही आणि हे सांगितल्याशिवाय मी कुणाला विकूही शकत नाही. ती चासी चोरीची नाही ना, ही धास्ती वेगळी. मी पोलिसांत तक्रार दिली आहे. चासीवरचा क्रमांक, रिवेटचे फोटो, त्याचे सगळे संदेश जोडले आहेत. त्याचा फोन बंद आहे.

ही गाडी बांधणाऱ्याबद्दल मात्र माझी तक्रार नाही. आतलं लाकूडकाम सुरेख आहे, कपाटाची दारं आजही बोटाने ढकलली की अलगद मिटतात. त्या माणसाने ती कधी बांधली, कशासाठी बांधली, हा खरा इतिहास होता. विकणाऱ्याने तो पुसून त्यावर दुसराच चिकटवला, याचं मला पैशांइतकंच वाईट वाटतं.

तुम्हाला कुणी अशी 'एकमेव' गाडी दाखवत असेल, तर पैसे देण्याआधी चासीवरचा ठोकलेला क्रमांक मागा. पाटीचा फोटो नको, घासून स्वच्छ केलेल्या चासीचा हवा. आणि तुमच्या ओळखीच्या मेकॅनिकला घेऊन स्वतः गाडीखाली जा, विकणारा "कपडे खराब होतील" म्हणाला तरी. मला तो तसंच म्हणाला होता.