स्टारड्यू व्हॅली: काशीची वाडी

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. बाबांची होडी झापांनी शाकारून वर ओढलेली, मालवणात पाऊस कोसळतोय आणि मी पडवीत फोनवर स्टारड्यू व्हॅली खेळतेय. या गेमसोबतची माझी ही तिसरी बंदी.

एरिक बॅरोन या एकट्या माणसाने चार वर्षांहून जास्त खपून केलेला हा गेम २०१६ मध्ये आला. चित्रं, संगीत, संवाद, सगळं त्याचंच. एकदा पैसे भरले की जाहिरातींचा त्रास नाही. शहरातल्या नोकरीला विटलेलं माणूस आजोबांचं पत्र उघडतं आणि त्यांच्या रान माजलेल्या शेतावर राहायला येतं. माझ्या माणसाचं नाव मी काशी ठेवलं, आजीचं. तिची वाडी मी सातवीत असताना विकली गेली.

काशीला आवाज नाही. गावातले सगळे बोलतात, ती ऐकते. कधीतरी दोन-तीन उत्तरांतलं एक निवडायचं, तेवढंच. म्हणूनच ती माझी झाली असं मला वाटतं. सहाला उठायचं, मांजराच्या भांड्यात पाणी ओतायचं, मग झाडांना. रात्री दोनच्या आत अंथरुणात गेली नाही तर ती आहे तिथे कोसळते. पहिल्यांदा खाणीत कोसळली तेव्हा ‘अगो बाये!’ असं माझ्या तोंडून मोठ्याने निघालं.

शेन नावाचा माणूस कित्येक आठवडे तिला तोडून बोलतो. काशी त्याला मिरच्या नेऊन देते. आठवड्यात दोनच भेटवस्तू चालतात. मग एका पावसात तो कड्यावर दारू पिऊन पडलेला सापडतो. पुढचं सांगत नाही. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

मासे धरणं मात्र पटलं नाही. काशीने गळाने तारली काढली ते बघून बाबा म्हणाले, “तारली खंय गळाक लागता?” आणि नारळासाठी वाळवंटात जावं लागतं!

दुसऱ्या वर्षाच्या हिवाळ्याची २५ तारीख होती. गेममधला ऋतू २८ दिवसांचा, आणि तिसरं वर्ष लागताच वारलेले आजोबा भूत होऊन शेत कसं सांभाळलं ते बघायला येतात. तेवढ्यात फोन दुरुस्तीला द्यावा लागला. दुकानदाराने न विचारता सगळं पुसलं. माझी काशी त्या फोनमध्येच होती, दुसरी प्रत नव्हती. आठ कोंबड्या, मांजर, शेनची मैत्री, सगळं गेलं. तुम्ही खेळणार असाल तर आधी प्रत काढून ठेवा. मी दोन दिवस धड बोलले नाही. बाबांना सांगितलं तर म्हणाले, “परत लाव मगे.” २०२१ च्या तौक्ते वादळात होडी फुटली तेव्हाही ते असंच म्हणाले होते.

पुन्हा सुरू केलं. तेच केस, तेच नाव, तसंच मांजर, पण ही ती नव्हे. शेनने पहिल्याच दिवशी ओळख दाखवली नाही, ते फार लागलं. हिला मी धाकटी म्हणते. धाकटी तळ्याच्या बाजूला पेरते, खाणीत कमी जाते, रात्री दहालाच झोपते.

काल तिच्याकडे आजोबा आले. शेत जितकं चांगलं तितक्या मेणबत्त्या त्यांच्या स्मारकावर पेटतात, हिच्या चारांतल्या तीन पेटल्या. तिथे हिरा नेऊन ठेवला की ते पुन्हा येऊन बघतात. म्हणजे आता हिच्यासोबत खाणीत खोल उतरायचं. बंदी उठायला अजून अठरा दिवस आहेत.