कळलावीच्या कंदांची खरेदी करणाऱ्यांनी हे वाचावं

दिंडोरी-निफाड भागात द्राक्षबाग तोडलेले बरेच शेतकरी आहेत. बाग गेली तरी अँगल आणि तारा तशाच उभ्या राहतात. हेच हेरून एक एजंट आमच्याकडे आला. "मांडव तयारच आहे दादा, कळलावी लावा. बी आम्हीच उचलणार," असं म्हणाला.

त्याचं बोलणं हवेतलं नव्हतं, म्हणून तर ते पटतं. कळलावीच्या बियांत आणि कंदात कोल्चिसिन नावाचं विषारी द्रव्य असतं, ते औषधांसाठी लागतं. तामिळनाडूत तिची व्यापारी शेती खरोखरच होते आणि ती त्या राज्याचं राज्यफूलही आहे. पण तिकडे सकाळच्या वेळी फूल न् फूल हाताने परागीभवन करावं लागतं, कारण फुलाचा स्त्रीकेसर काटकोनात बाहेर वळलेला असतो. ही मजुरी एजंटाच्या हिशोबात कुठेच नव्हती.

मे महिन्यात गोण्या आल्या. शंभराच्या स्टॅम्पवर करार झाला. "बी कंपनी खरेदी करेल" याच्या पुढे बारीक अक्षरात "दर्जा कंपनीस मान्य असल्यास" असं होतं. पावतीवर वनस्पतीचं नाव नव्हतं, नुसतं "औषधी कंद" लिहिलं होतं. पुढे सगळं घोडं अडलं ते या दोन शब्दांवर.

पाऊस पडला, वेल उगवले. तणाला आलेल्या सुरगाण्याकडच्या मावशींनी एक वेल हातात धरला आणि म्हणाल्या, "दादा, ही तर शेंडवळ. हिच्या फुलांची भाजी करतो आम्ही." खाली वाकून पाहिलं तर एका देठावर पाच पानं, बुंध्यापाशी बारीक काटे, आणि वेल खोडानेच तारेला वेटोळे घालत चढलेला.

कळलावीचं पान असं नसतंच. ते भाल्यासारखं लांब, बिनदेठाचं असतं आणि त्याचं टोक सुतासारखं निमुळतं होऊन गुंडाळलेलं असतं. त्या टोकानेच वेल आधार पकडतो. फुलाची वाट पाहायची गरज नाही, पानाचं टोक पाहिलं की काम झालं. सह्याद्रीत गौरी-गणपतीच्या सुमारास हीच वेल कुंपणांवर पिवळ्या-लाल, मागे वळलेल्या नागमोडी पाकळ्यांनी फुललेली दिसते. तेव्हा तिथे जाऊन पान हातात घेऊन बघा, पुन्हा कोणी फसवणार नाही.

कंद तर त्याहून सोपा. कळलावीचा कंद गुळगुळीत, बोटासारखा लांबट आणि बहुधा दोन फाट्यांचा, नांगराच्या आकाराचा असतो. प्रत्येक फाट्याच्या टोकाला एकच डोळा असतो. तो मोडला की त्या फाट्याला कोंब येत नाही. आमच्या गोणीत शेंडवेलीच्या, म्हणजे मावशींच्या शेंडवळीच्या, लांबट कंदांचे काप होते, अंगावर मुळांचे केस असलेले. कापाच्या तोंडाला राख चोळलेली होती, म्हणे "कुजू नये म्हणून". त्यात अधूनमधून खरी कळलावी होती आणि तिच्यातल्या बहुतेक कंदांची टोकं मोडलेली. म्हणजे आम्ही बाराशे रुपये किलोने रानातली शेंडवेल आणि न उगवणारे कंद घेतले.

पैशाचं दुःख आहेच. पण मला खरी चीड येते ती या मिसळीची. शेंडवेलीचा कंद डोंगरातली माणसं शिजवून खातात. कळलावीचा कंद माणसाचा जीव घेतो, आणि उकडल्याने त्याचं विष जात नाही. काही तासांत उलट्या-जुलाब सुरू होतात, मग एकेक अवयव निकामी होत जातो. यावर हमखास उतारा नाही. मावशींनी ओळख पटवली त्या संध्याकाळी मजुरांपैकी दोघांनी उरलेल्या गोणीतले कंद घरी न्यायला मागितले होते. साधी, रीतीची मागणी. गोणी उपडी करून एकेक कंद पाहिला आणि तळाशी नांगराच्या आकाराचे कंद निघाले, तेव्हा माझे हातपाय गार पडले. ज्याने ही गोणी भरली त्याला दोन्ही कंद ओळखता येत होते, त्याशिवाय टोकं मोडलेले वेचून भरता येत नाहीत.

एजंटाचा फोन जुलैपासून बंद आहे. पोलिसांनी व्यवहाराचा वाद म्हणून परत पाठवलं. आता जिल्हा ग्राहक आयोगाकडे अर्ज केला आहे. तिथे पहिला प्रश्न आला, तुम्ही काय विकत घेतलं याचा पुरावा काय? म्हणून सांगतो, पावतीवर "कळलावी, ग्लोरिओसा सुपर्बा" असं पूर्ण नाव आणि वजन लिहून घ्या. लिहायला नकार दिला तर गोणी उतरवूच देऊ नका. उतरवल्यावर प्रत्येक गोणीतले मूठभर कंद विकणाऱ्या माणसासमोर जमिनीवर मांडा, डोळे मोजा आणि फोटो काढा. हातमोजे घालून, आणि पोरांना लांब ठेवून. खायच्या कुठल्याही कंदाशेजारी ती गोणी ठेवू नका.

तोच माणूस आता चांदवडकडे फिरतोय असं कानावर आलंय, या वेळी दुसऱ्याच वेलीचं नाव घेऊन. तिकडच्या नातेवाइकांना हे पाठवा.