तीन एकरांचा विमा आणि एक टिंब

२०२३ च्या खरिपात माझ्या रानाचा पीक विमा दुसऱ्याच कुणीतरी उतरवला होता. मला पत्ता लागला तो दिवाळीच्या तोंडावर, तोही चुलत भावाच्या मोबाईलवर बँकेचा मेसेज आला म्हणून.

आम्ही धाराशिव जिल्ह्यातले. वाटणीत दोघा भावांना तीन-तीन एकर आलं, बांधाला बांध. दोघांचंही सोयाबीन. त्या वर्षी राज्याने एक रुपयात पीक विमा आणला होता. खरिपाला शेतकऱ्याने भरायचा दोन टक्के हप्ता सरकार भरणार आणि आपण फक्त रुपया द्यायचा. शेवटच्या दिवसांत सर्व्हर बसला, ३१ जुलैची मुदत ३ ऑगस्टपर्यंत वाढली. गावात ऑनलाइन अर्ज भरायच्या केंद्रावर ही रांग. केंद्रचालक पोरगा ओळखीचाच, लहानपणी आमच्याच अंगणात खेळलेला. म्हणाला, "काका, कशाला उभं राहता? कागदं ठेवून जा, रात्री सर्व्हर हलका असतो, भरून टाकतो." वर दीडशे रुपये घेतले. अर्जामागे विमा कंपनी त्याला ४० रुपये द्यायची आणि आपण रुपयाच्या वर काही द्यायचं नव्हतं, हे मला फार नंतर कळलं. सातबारा, आठ-अ, आधार, पासबुक, सगळ्याची झेरॉक्स देऊन मी घरी आलो. भाऊ मात्र हेकट, दुसऱ्या दिवशी चार तास उभा राहून समोर भरून आला. मी त्याला हसलो होतो.

पावती सकाळी मिळाली. नाव बरोबर, गट नंबर बरोबर, पीक सोयाबीन, हप्ता १ रुपया. घडी घालून रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवली.

मग ऑगस्ट आला. देशात १९०१ पासून इतका कोरडा ऑगस्ट झाला नव्हता, हे पुढे पेपरात वाचलं. आम्हाला रानात दिसतच होतं. फुलं गळाली, शेंगा चपट्या राहिल्या. महसूल मंडळात, म्हणजे आसपासच्या काही गावांच्या गटात, सलग २१ दिवसांच्या वर पावसाचा खंड पडला की अपेक्षित भरपाईच्या २५ टक्के रक्कम अग्रिम, म्हणजे आगाऊ, मिळायची, यावर पारावर रोज चर्चा. आमचं मंडळ बसलं त्यात.

भावाच्या खात्यावर दहा हजारांच्या वर आले. माझ्या खात्यावर हजार आणि वर काही चिल्लर. आधी वाटलं, बँकेनं कर्जात वळते केले. मॅनेजरने पासबुक दाखवलं, तसं काही नव्हतं. मग पावत्या शेजारी-शेजारी ठेवल्या. भावाच्या पावतीवर क्षेत्र १.२०, माझ्या पावतीवर ०.१२.

टिंब एक घर सरकलेलं. आपण बोलतो एकरात आणि कागद बोलतो हेक्टरात, इथंच माझा घात झाला. ‘तीन’ हा आकडा नाही म्हटल्यावर मी तो रकाना वाचलाच नव्हता. त्याच्याशेजारी विमा संरक्षित रक्कम होती, तीही भावाच्या दहावा हिस्सा. दोन्ही छापून दिलेलं होतं, म्हणजे लपवलं असंही म्हणता येईना.

"टायपिंग मिस्टेक झाली असेल काका," पोरगा म्हणाला. मी मानलंही असतं. पण तालुक्याला विमा कंपनीचा प्रतिनिधी बसायचा, त्याने गट नंबर टाकून बघितलं आणि माझ्याकडे मान वर करून विचारलं, "जमीन कुणाला ठोक्याने दिलीय का?" माझ्याच खात्यावर आणखी एक अर्ज होता. परजिल्ह्यातला माणूस, कधी नाव ऐकलेलं नाही. क्षेत्र १.०८. बेरीज करून बघा, १.२० होते, एक आरही (हेक्टराचा शंभरावा भाग) कमी-जास्त नाही. दुसऱ्याची जमीन कसणाऱ्याला नोंदणीकृत भाडेकरार जोडावा लागतो; तिथे जोडला होता शंभराच्या स्टॅम्पवरचा साधा कागद. खाली माझी सही, मराठीत, सुबक. मी वीस वर्षं इंग्रजीत सही करतो, आणि ती सुबक कधीच नसते.

तहसीलदारांच्या अध्यक्षतेखाली तालुक्याची तक्रार निवारण समिती असते, तिथे लेखी अर्ज दिला. दोन सुनावण्या झाल्या. तो अर्ज बोगस ठरून रद्द झाला. पण माझं राहिलेलं क्षेत्र काही विम्यात आलं नाही, कारण मुदत कधीच संपली होती. म्हणजे त्या माणसाला मिळालं नाही आणि मलाही नाही. केंद्रचालकावर काही सिद्ध झालं नाही. सातबारा तर ऑनलाइन पंधरा रुपयांत कुणीही काढतो, असं तो म्हणतो, आणि ते खरंही आहे. पण माझ्या अर्जात नेमकी १.०८ ची जागा मोकळी कुणी सोडली, याचं उत्तर त्याच्याकडे नाही.

नंतर गल्लीतल्या लोकांनी आपापल्या पावत्या काढल्या. एका मावशींच्या सोयाबीनच्या जागी तूर लिहिलेली, आणखी एकाचा गटच दुसरा.

२०२५ पासून रुपयाची योजना बंद झाली. आता विमा संरक्षित रकमेच्या दोन टक्के हप्ता आपल्या खिशातून जातो, पावसाच्या खंडाचं अग्रिमही गेलं, पैसे ठरतात पीक कापणी प्रयोगावर, म्हणजे निवडक रानांतलं पीक कापून मोजतात त्यावर. फार्मर आयडी लागतो, ई-पीक पाहणी, म्हणजे रानातल्या पिकाची मोबाईलवरून केलेली नोंद, लागते. त्यामुळे बोगसगिरी थांबली म्हणतात. पण अर्ज भरणारं बोट तेच, आणि पावतीवर क्षेत्र अजून हेक्टरातच. एकराला चाळीस आर धरा आणि मुदत संपायच्या आत पडताळा. चूक तेव्हाच दुरुस्त होते. अर्जाची स्थिती १४४४७ वर फोन करूनही विचारता येते.

यंदा मी पोरीला घेऊन तालुक्याला गेलो. तिने स्क्रीन आमच्याकडे वळवायला लावली आणि खाते क्रमांकापासून एकेक रकाना मोठ्याने वाचला. मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, आवरा की ताई. क्षेत्रावर आली तेव्हा तिने दोनदा वाचलं.