ओफॅकची मोफत नाव-तपासणी सेवा : रशियाशी व्यापार करणाऱ्यांना किती कामाची?

२४ फेब्रुवारी २०२२ ला रशियाने युक्रेनवर हल्ला केला. तेव्हापासून अमेरिकेच्या निर्बंध-यादीत रशियन बँका, तेल कंपन्या, जहाजं आणि माणसं यांची सतत भर पडत गेली आहे. ही यादी अमेरिकी अर्थखात्याचं ओफॅक हे कार्यालय सांभाळतं. त्यांची 'सँक्शन्स लिस्ट सर्च' ही सेवा फुकट आहे, लॉगिन लागत नाही, आणि मालमत्ता गोठवलेल्यांची एसडीएन यादी व ओफॅकच्या बाकीच्या याद्या एकाच ठिकाणी तपासता येतात.

भारत सरकार एकतर्फी निर्बंध मानत नाही, संयुक्त राष्ट्रांचे तेवढेच मानतं. पण नाशिकच्या द्राक्षांचं किंवा मुंबईतून गेलेल्या औषधांचं पेमेंट डॉलरमध्ये येणार असेल, तर ते अमेरिकी बँकेतून फिरून येतं आणि तिथे अडकू शकतं. शिवाय २२ डिसेंबर २०२३ च्या अमेरिकी आदेशानंतर रशियाच्या लष्करी उद्योगाला मदत होईल असे व्यवहार हाताळणाऱ्या परदेशी बँकांवरही कारवाई होऊ शकते. म्हणून ही तपासणी ऑर्डर घेण्याआधीच करून टाकावी.

सेवेचा सगळा जीव 'मिनिमम नेम स्कोअर' या सरकपट्टीत आहे. यादीतलं नाव किमान किती जुळलं तर दाखवायचं, हे ती ठरवते. पान उघडल्याबरोबर ती १०० वर, म्हणजे तंतोतंत जुळणीवर, असते आणि बरेच जण तिला हात न लावता नाव टाकून 'काही सापडलं नाही' असा निष्कर्ष काढतात. रशियन नावांच्या बाबतीत हे धोक्याचं आहे. एकच माणूस रोमन लिपीत सर्गेई, सर्गेय, सेर्गेइ अशा तीन स्पेलिंगांनी येतो. ही यंत्रणा टाकलेलं नाव दोन प्रकारे जुळवते. आधी पूर्ण नावाशी पूर्ण नाव, मग नावाचे तुकडे पाडून प्रत्येक तुकडा वेगळा. त्यासाठी अक्षरांतला फरक मोजणारी जारो-विंकलर आणि उच्चारावर चालणारी साउंडेक्स अशा दोन पद्धती वापरल्या जातात, आणि दोन्ही प्रकारांत जो गुण जास्त येईल तो समोर दिसतो. पट्टी किती ठेवावी हे ओफॅक सांगत नाही. आमचं मत असं, की कंपनीसाठी ८५ आणि व्यक्तीसाठी ८० पासून सुरुवात करावी. निकाल फारच लांबले तरच पट्टी वर न्यावी. आधी घट्ट पकडून मग सैल सोडणारा अर्ध्यावर कंटाळतो.

ही सैल जुळणी फक्त नावाच्या रकान्यात चालते. पत्ता, शहर, आयडी यांत जी अक्षरं टाकाल तीच शोधली जातात. हा दोष वाटला तरी आयडीच्या बाबतीत त्याचा फायदाच होतो. रशियन कंपनीला आयएनएन नावाचा करनंबर असतो, कंपनीसाठी १० आकडी आणि व्यक्तीसाठी १२ आकडी. यादीतल्या पुष्कळ रशियन नोंदींत तो दिलेला आहे. ग्राहकाकडून प्रोफॉर्मा इन्व्हॉइसच्या (माल पाठवण्याआधीच्या कच्च्या बिलाच्या) वेळीच आयएनएन मागून घ्या आणि तो आयडीच्या रकान्यात टाका. स्पेलिंगचा घोळच उरत नाही. जहाजासाठी सात आकडी आयएमओ क्रमांक वापरावा. टँकरचं नाव आणि झेंडा बदलतो, हा क्रमांक बदलत नाही. १० जानेवारी २०२५ ला एका दिवसात १८३ जहाजं यादीत गेली, त्यामुळे नुसत्या नावावर विसंबणं परवडणारं नाही.

देशाचा रकाना मोकळाच ठेवा. 'रशिया' निवडलं की दुबई, इस्तंबूल, हाँगकाँगमधले मध्यस्थ निकालातून गळतात. या यादीत भारतीय कंपन्याही आहेत.

निकाल आल्यावर 'लिस्ट' आणि 'प्रोग्रॅम' हे रकाने वाचल्याशिवाय घाबरू नये. 'नॉन-एसडीएन' नोंद म्हणजे पूर्ण बंदी असतेच असं नाही. ती ठरावीक मुदतीच्या कर्जापुरती किंवा अमेरिकी बँकेतल्या खात्यापुरतीही असू शकते. नावावर क्लिक करून जन्मतारीख, पासपोर्ट, टोपणनावं ताडून पाहा. कमकुवत म्हणून नोंदवलेलं टोपणनाव जुळलं, तर एवढ्यावरून ग्राहक तोडू नका.

आता सेवा कुठे कमी पडते ते. ओफॅकचा नियम असा, की यादीतल्या एका किंवा अनेक व्यक्तींचा मिळून ५० टक्के किंवा जास्त हिस्सा असलेली कंपनीही गोठवलेली समजायची, तिचं नाव यादीत नसलं तरी. एकाचे ३० आणि दुसऱ्याचे २५ टक्के असतील तर बेरीज ५५, म्हणजे कंपनी अडकली. ही सेवा हे अजिबात सांगत नाही. भागधारकांची यादी तुम्हालाच मागवावी लागते. उलट बाजूचं उदाहरण आपल्या शेजारीच आहे. गुजरातेत वाडीनारला रिफायनरी असलेल्या नायरा एनर्जीत रोसनेफ्ट या रशियाच्या सरकारी तेल कंपनीचा हिस्सा ४९.१३ टक्के आहे, म्हणजे अमेरिकी रेषेच्या जरा खाली. पण युरोपीय संघाने १८ जुलै २०२५ ला तिला आपल्या यादीत घातलंच. युरोप आणि ब्रिटन हिश्श्याबरोबर ताबा कुणाचा हेही बघतात. तेव्हा पेमेंट युरोत असेल, विमा किंवा जहाज युरोपातलं असेल, तर युरोपीय संघाची यादी वेगळी तपासणं भाग आहे.

दुसरी उणीव प्रदेशाची. सिम्फरोपोल किंवा दोनेत्स्कमधल्या अगदी स्वच्छ दुकानदाराचं नाव टाका, शून्य निकाल येईल. पण क्रिमिया, दोनेत्स्क आणि लुहान्स्क या भागांवर अमेरिकेची सरसकट व्यापारबंदी आहे. कन्साइनीच्याच (माल घेणाऱ्याच्याच) नव्हे, नोटिफाय पार्टीच्या (माल पोचल्यावर ज्याला कळवायचं त्याच्या) पत्त्यातलंही शहर डोळ्यांनी वाचावं लागतं. मालाचंही तेच. चिप किंवा बेअरिंग पाठवताय का, हे ही सेवा विचारत नाही. निर्यात-नियंत्रणाच्या याद्या अमेरिकी वाणिज्य खात्याकडे आहेत. तिथली मोफत एकत्रित यादी सोबत वापरावी. आणि शेतमाल, औषधं, वैद्यकीय उपकरणं यांना ओफॅकच्या जनरल लायसन्स (सर्वांना लागू असलेली परवानगी) ६ च्या मालिकेत मोकळीक आहे, हेही शोधाच्या निकालात दिसत नाही. ते ठाऊक नसल्यामुळे कायदेशीर ऑर्डर हातची जाऊ शकते.

निकाल एक्सेलमध्ये उतरवता येतो. त्यावर तारीख आणि वापरलेला स्कोअर लिहून तो फाइलला लावा. ओफॅकने नोंदी जपण्याची मुदत १२ मार्च २०२५ पासून पाचवरून दहा वर्षं केली आहे. नाव यादीतून काढलं की शोधातून नाहीसं होतं, जुनी स्थिती इथे पाहता येत नाही. नवीन नावांची सूचनाही ही सेवा देत नाही, त्यासाठी ओफॅकच्या ईमेल सूचना वेगळ्या चालू करा. रोसनेफ्ट आणि लुकोइल या रशियन तेल कंपन्या २२ ऑक्टोबर २०२५ ला यादीत गेल्या आणि चालू व्यवहार आवरायला २१ नोव्हेंबरपर्यंतचीच मुदत मिळाली. म्हणून एकदा ऑर्डर घेताना, एकदा कंटेनर भरताना आणि एकदा बँकेत कागद देताना, अशी तीनदा तपासणी करा.