सदर्न जेवण: घरी करावं की बाहेर खावं?

अटलांटाच्या आसपास थोडी वर्षं काढलेल्या मराठी घरांत एक टप्पा हमखास येतो. फ्राइड चिकनच्या पुढे जाऊन अमेरिकेच्या दक्षिणेतल्या जेवणाची, म्हणजे कॉलर्ड (जाड पानांची पालेभाजी), चवळी, ग्रिट्स (भरड मक्याची घट्ट पेज), कॉर्नब्रेड (मक्याच्या पिठाचा ब्रेड) यांची चटक लागलेली असते, आणि मग प्रश्न पडतो: हे घरी करायला घ्यावं, की शनिवारी गाडी काढून बाहेरच जावं? मी दोन्ही भरपूर केलंय, अजूनही करतो. पदार्थ तुमच्या ओळखीचे आहेत असं धरून चालतो.

आधी बाहेरची बाजू, कारण ती हलकी नाही. मीट अँड थ्रीच्या, म्हणजे एक मांसाचा पदार्थ आणि यादीतल्या तीन भाज्या देणाऱ्या खाणावळीच्या काउंटरवर एका ताटात जे चार पदार्थ मिळतात ते घरी करायचे म्हटले तर अख्खी सकाळ जाते. (भाज्यांच्या यादीत मॅकरोनी अँड चीज असतं आणि त्याला कुणीही हरकत घेत नाही, हेही मला आवडतं.) अटलांटात मेरी मॅक्स टी रूम 1945 पासून चालू आहे, तिथे आपली ऑर्डर आपणच पेन्सिलीने चिठ्ठीवर लिहून द्यायची पद्धत आहे. पास्कल्स 1947 चं. नागरी हक्कांच्या चळवळीत मार्टिन लूथर किंग आणि त्यांचे सहकारी तिथे जमत, बेत आखत. अशा ठिकाणी जेवताना ताटाबरोबर जे मिळतं ते घरच्या टेबलावर येणार नाही.

आणि जॉर्जियातलंच सवाना शहर. तिथल्या जोन्स स्ट्रीटवर मिसेस विल्क्स डायनिंग रूम आहे, 1943 पासून. जुन्या बोर्डिंग हाउसची रीत त्यांनी तशीच ठेवली आहे: फक्त दुपारचं जेवण, आगाऊ नोंदणी नाही, बाहेर रांग, आणि आत दहा जणांच्या टेबलावर अनोळखी माणसांबरोबर पंगत. भांडी आधीच मांडलेली असतात, ती हातोहात फिरवायची. शेजारचे आजोबा रताळ्याचं भांडं पुढे करतात, आपण बटर बीन्सचं त्यांच्याकडे सरकवतो, आणि पाच मिनिटांत त्यांच्या नातवंडांची नावं आपल्याला कळलेली असतात. हे घरी कसं करणार?

फ्राइड चिकनही मी बाहेरच्या खात्यात टाकतो. अपार्टमेंटमधल्या स्वयंपाकघरांत चिमणी बहुतेक नावालाच असते. धूर ओढते आणि जाळीतून परत आपल्याच तोंडावर सोडते. एकदा चिकन तळलं की दोन-तीन दिवस पडद्यांना वास, आणि स्मोक अलार्मची हजेरी वेगळी. ज्यांचं स्वतःचं घर आहे आणि मागच्या डेकवर शेगडी आहे, त्यांनी खुशाल तळावं.

इथवर वाचून वाटेल की मी बाहेरच्याच बाजूचा आहे. तसा राहिलोही असतो, पण माझं सगळं गणित एका क्षुल्लक गोष्टीवर फिरलं: बाहेरचा कॉर्नब्रेड गोड असतो.

यात एवढं काय, असं वाटणं साहजिक आहे. पण कॉलर्ड शिजल्यावर खाली जे हिरवट, खारट, किंचित कडसर पाणी उरतं ना, पॉट लिकर म्हणतात ते, माझ्या मते सगळी मजा त्यात आहे. त्यात कॉर्नब्रेड कुस्करायचा, वरून मिरचीच्या व्हिनेगरचे चार थेंब, आणि चमच्याने खायचं. आमटीत भाकरी कुस्करून खाणाऱ्या माणसाला हे वेगळं शिकवावं लागत नाही. आता त्या भाकरीत कुणी दोन चमचे साखर घातली तर? नेमकं तेच होतं. कागदाच्या वाटीत केकसारखा मऊ मफिन येतो, वरून चिकट, पाण्यात पडला की क्षणात त्याचा गोड लगदा. 'गोड आहे का?' म्हणून आधी विचारावं तर 'अगदी थोडासा' असं हसून उत्तर मिळतं, आणि त्या थोडाशाचा काही भरवसा नसतो. शेजारी गोड चहा, ताटात पाकातली रताळी, त्यात हा. एकाच ताटात तीन गोड म्हणजे मला जरा जास्तच होतं.

न्यायाने सांगायचं तर साखरेचा कॉर्नब्रेड चुकीचा आहे असं नाही. कितीतरी कृष्णवर्णीय घरांत पिढ्यान्‌पिढ्या त्यात साखर पडत आली आहे आणि तिथे तोच खरा. अभ्यासक याचं एक कारण गिरणीत शोधतात. पूर्वी मका शेतात पूर्ण वाळू देत आणि पाणचक्कीच्या दगडी जात्यावर दळत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पोलादी रोलरच्या गिरण्या आल्या, मका लवकर तोडून गरम हवेने वाळवू लागले, पीठ बारीक झालं आणि मक्याची मूळची गोडी गेली. ती भरून काढायला साखर शिरली, पाठोपाठ मैदाही. पटण्यासारखं आहे. माझी तक्रार एवढीच की बाहेर आपल्याला निवड नसते.

कुस्करण्याच्या बाजूने मी एकटा नाही बरं का. 1931 साली यावर चक्क वर्तमानपत्री युद्ध झालं होतं. लुइझियानाचे तेव्हाचे गव्हर्नर ह्यूई लाँग म्हणत, मक्याचा पोन (साधा, बिनसाखरेचा कॉर्नब्रेड) पॉट लिकरमध्ये बुडवून खावा. 'अटलांटा कॉन्स्टिट्यूशन'चं म्हणणं, कुस्करूनच खावा. बरेच दिवस वाचकांची पत्रं येत होती. मी अर्थातच अटलांटाकर.

घरी हा प्रश्न मिटतो. 10 इंची बिडाचा स्किलेट, म्हणजे काठाचा जाड तवा, 450 अंश फॅरनहाइटच्या ओव्हनमध्ये आधी रिकामाच तापवायचा. मग त्यात बेकनची चरबी किंवा सरळ आपलं तूप. मिश्रणात पांढरं, दगडी जात्यावरचं भरड कॉर्नमील, बटरमिल्क, अंडं, मीठ, सोडा, बेकिंग पावडर. मैदा नाही, साखर नाही. इंडियन स्टोअरमधला मक्की आटा फार बारीक असतो, त्याने दाणेदारपणा येत नाही. आपलं पातळ ताकही चालत नाही. बटरमिल्क नसेल तर दही जरासं सैल करून घ्या. ओतताना चर्र आवाज यायलाच हवा, नाही आला तर तवा पुरेसा तापलेला नाही असं समजा. वीस-पंचवीस मिनिटांनी ताटात उलटा केला की खालची बाजू खरपूस तपकिरी, कडा कुरकुरीत, आणि तो पॉट लिकरमध्ये टाकल्यावरही अंग धरून राहतो.

बाकी पदार्थांचं थोडक्यात सांगतो. कॉलर्ड घरी करणं कष्टाचं आहे: पानांची माती जाईपर्यंत तीन पाण्यांतून धुवा, जाड देठ ओढून काढा, सुरळी करून चिरा, मग तासभर तरी मंद आचेवर. बाहेरचे कॉलर्ड माझ्यापेक्षा सरस असतात हे कबूल. ग्रिट्स घरचेच बरे, घाईत केलेले पुळचट लागतात. बिस्किटांसाठी (इथली बिस्किटं म्हणजे मऊ, पापुद्र्यांचे छोटे पाव) मऊ गव्हाचं, कमी प्रथिनांचं पीठ लागतं. व्हाइट लिली नावाचं तसं पीठ इथल्या ग्रोसरीत सहज मिळतं, पण पुढचं सगळं हातावर आहे. माझा हात त्यात तितका बसलेला नाही, म्हणून बिस्किटांचा नाश्ता मी बाहेर करतो.

चवळीला मात्र उन्हाळ्यात घरीच न्याय मिळतो. अटलांटाजवळच्या फॉरेस्ट पार्कच्या स्टेट फार्मर्स मार्केटमध्ये मोसमात ताजे दाणे मिळतात: क्राउडर, लेडी पी, जांभळ्या शेंगांचे पिंक आय. सुक्या चवळीची सवय असलेल्याला ती चव नवीनच वाटेल. भेंडीसारखीच चवळीही पश्चिम आफ्रिकेतून गुलामांच्या जहाजांबरोबर इथे आली, आणि आता नववर्षाच्या दिवशी शुभ म्हणून कॉलर्डबरोबर तीच शिजते.

घरात कुणी शाकाहारी असेल तर तुलना जवळजवळ संपतेच. मेन्यूवर भाजी म्हणून लिहिलेल्या कॉलर्डमध्ये, चवळीत, फरसबीतसुद्धा बहुधा हॅम हॉक (डुकराच्या पायाचा तुकडा) नाहीतर धुरावलेली टर्की असते. 'यात मांस आहे का?' असं विचारलंत तर अगदी मनापासून 'नाही' म्हणतील, कारण ते त्यांच्या लेखी फक्त चवीपुरतं. म्हणून 'शिजवताना चवीला काय घालता?' असं विचारा. घरी कांदा, लसूण, सुकी मिरची आणि चिमूटभर स्मोक्ड पॅप्रिकावर बऱ्यापैकी काम भागतं. हॅमची खोली येत नाही, पण पॉट लिकर कुस्करण्यालायक नक्की होतं.

तेव्हा पाहुणे आले असतील, चिकन खायचं असेल किंवा चव मुळात कशी असते तेच अजून कळलेलं नसेल, तर बाहेर जा. रविवारी चर्च सुटायच्या आत पोचलात तर रांग टळेल. पण महिन्यातून दोनदा तरी हे जेवण लागतंच अशी तुमची गत झाली असेल, तर मी घरच्या बाजूला झुकेन, आणि सुरुवात कॉर्नब्रेडपासून करायला सांगेन. खर्च एका तव्याचा. नॅशव्हिलला मीट अँड थ्री खायला जाणार असाल तर चॅटनूगानंतर आय-24 वर साउथ पिट्सबर्गचा फाटा लागतो. 1896 पासून बिडाची भांडी ओतणाऱ्या लॉजचं गाव ते, कारखान्याचं दुकानही तिथेच आहे. स्किलेट येताना घ्या. जाताना घेतलात तर उगाच दिवसभर गाडीत खडखडत राहील.