३९व्या आठवड्यात कळा आणून घ्यायच्या की वाट बघायची? पहिलटकरणीसाठी दोन्ही बाजू

माझं पहिलं बाळंतपण आणि माझ्या धाकट्या बहिणीचं पहिलं बाळंतपण, दोन्हींत दीड वर्षाचं अंतर आणि दोन्ही अगदी उलट. मी ३९ आठवडे २ दिवस झाले असताना ॲडमिट होऊन कळा आणून घेतल्या. ती थांबली, तारीख उलटली, आणि ४० आठवडे ६ दिवसांवर रात्री दोन वाजता तिच्या कळा आपल्या आपण सुरू झाल्या. दोघींनाही बीपी नाही, शुगर नाही, बाळाचं डोकं खाली, वाढ व्यवस्थित, त्यामुळे दोघींच्याही डॉक्टर म्हणाल्या "तुम्ही ठरवा", आणि तेच तर सगळ्यात अवघड, कारण पहिल्या वेळी ठरवायचं कशाच्या जोरावर? म्हणून दोन्ही शेजारी शेजारी ठेवून लिहितेय, मला तेव्हा हे कोणी एका जागी सांगितलं नव्हतं.

आधी एक गोष्ट बाजूला काढते. हे सगळं ज्यांना खरंच निवड आहे त्यांच्यासाठी आहे. माझ्या वहिनीचं ३७व्या आठवड्यात बीपी १५०/१०० आणि लघवीत प्रोटीन, तिला त्याच दिवशी ॲडमिट करून कळा आणल्या आणि ते शंभर टक्के बरोबर होतं. पाणी गेलंय पण कळा नाहीत, बाळाभोवतीचं पाणी फार कमी झालंय, बाळाची वाढ थांबलीय, हालचाल मंदावलीय, अशा वेळी थांबण्यातच धोका जास्त असतो, तिथे तुलना करत बसू नकोस, डॉक्टरांचं ऐक. आणि याची उलटी बाजूही तितकीच खरी आहे, काही कारण नसताना निव्वळ कोणाच्या सोयीसाठी ३९ पूर्ण व्हायच्या आधी कळा आणायच्या नाहीत. सदतीस झाले की दिवस भरले असं आपण म्हणतो, पण ३७-३८ला आलेल्या बाळाला श्वासाचा, दूध ओढायचा, काविळीचा त्रास ३९च्या बाळापेक्षा जास्त होतो, म्हणूनच २०१३ मधे अमेरिकेतल्या प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेने त्या दोन आठवड्यांना "अर्ली टर्म" असं वेगळं नाव दिलं आणि "फुल टर्म" ३९पासून धरलं. आणि हो, तुझे ३९ हे खरंच ३९ आहेत ना ते फाइल काढून बघ, पहिल्या तीन महिन्यांतल्या सोनोग्राफीची तारीख सगळ्यात भरवशाची, नुसत्या पाळीवरून धरलेल्या तारखेत आठवडाभराची चूक सहज होते.

आता मूळ मुद्दा. आपण सगळ्याजणी तुलना करतो ती "आणलेल्या कळा" आणि "आपोआप आलेल्या कळा" यांची. मीही तेच करत होते. पण आपोआप कळा येणं तुझ्या हातात नाहीच ना! आज तुझ्या हातात आहे ते एवढंच, आणून घ्यायच्या किंवा वाट बघायची. आणि वाट बघण्याच्या पोटात काय काय आहे ते आधी माहीत नसतं, बहिणीसारख्या आपोआप येतील, किंवा माझ्या मैत्रिणीसारखं ४१ उलटून शेवटी इंडक्शनच, म्हणजे औषधाने किंवा फुग्याने कळा आणणंच, करावं लागेल, किंवा मधेच बीपी चढेल आणि घाईत जावं लागेल. ही तुलना नीट लक्षात आली ना की अर्धा गोंधळ तिथेच मिटतो.

"कळा आणल्या की सिझर होतंच" हे वाक्य मी नवव्या महिन्यात इतक्या वेळा ऐकलं की ॲडमिट होताना मनातून मी सिझरचीच तयारी करून गेले होते. ते वाक्य आलं कुठून तर जुन्या अभ्यासांमधे बहुतेक वेळा अशीच चुकीची जोडी लावलेली होती, आणलेल्या कळा विरुद्ध आपोआप आलेल्या. मग अमेरिकेत "अराइव्ह" नावाचा मोठा अभ्यास झाला, २०१८ मधे छापून आला, ६१०६ पहिलटकरणी, सगळ्या धोका नसलेल्या, चिठ्ठी टाकल्यासारखे दोन गट केले, एका गटाला ३९व्या आठवड्यात कळा आणायच्या आणि दुसऱ्याने वाट बघायची. सिझर झालं आणलेल्या गटात १८.६ टक्के बायकांचं आणि थांबलेल्या गटात २२.२ टक्के. म्हणजे कमी झालं, जास्त नाही. बीपीचा त्रास ९.१ टक्के विरुद्ध १४.१ टक्के, हा फरक मला सिझरच्या आकड्यापेक्षाही मोठा वाटतो. बाळांच्या गंभीर त्रासात मात्र ठामपणे सांगावा असा फरक निघाला नाही.

पण हे आकडे बघून लगेच उडी मारू नकोस. ज्यांना ज्यांना त्या अभ्यासात भाग घेता आला असता त्यातल्या जवळपास तीन चतुर्थांश बायकांनी नकोच म्हटलं, म्हणजे ज्या आल्या त्यांची मनाची तयारी आधीच होती. शिवाय तिथे डॉक्टरांनी धीर धरला, औषध चालू करून पुरेसा वेळ दिल्याशिवाय "इंडक्शन फेल" म्हणून सिझरला घ्यायचं नाही अशी सूचनाच होती. जिथे आठ-दहा तासांत "काही होत नाहीये, चला आत" म्हणतात तिथे हे आकडे लागू होणार नाहीत. त्यामुळे माझ्या मते अभ्यासापेक्षा तुझ्या हॉस्पिटलमधे किती वेळ देतात हे जास्त महत्त्वाचं, आणि ते स्पष्ट विचारायचं, लाजायचं नाही.

अजून एक आकडा मला फार बोलका वाटला, थांबलेल्या गटाची बाळंतपणं झाली साधारण ४०व्या आठवड्यात आणि आणलेल्या गटाची ३९.३ला, म्हणजे मधे फरक पाच दिवसांचा! आपण भांडतो असं की जणू महिनाभराचा प्रश्न आहे.

वेळेच्या बाबतीत मात्र थांबणं सरळ जिंकतं, आणि माझी फसगत इथेच झाली. मला सांगितलं होतं "संध्याकाळी या, सकाळपर्यंत बाळ हातात". आतली तपासणी केली तर पिशवीचं तोंड घट्ट, मागे वळलेलं, जेमतेम एक बोट. याला बिशप स्कोर म्हणतात, १९६४ पासून वापरतात, तोंड किती उघडलंय, किती पातळ झालंय, किती मऊ आहे, कुठल्या दिशेला आहे आणि बाळाचं डोकं किती खाली उतरलंय या पाच गोष्टींचे मार्क, एकूण १३. आठ किंवा वर असेल तर तोंड तयार, सहा किंवा खाली असेल तर कच्चं. माझा तीन होता. आणि तीन असताना सकाळपर्यंत बाळ होणं कठीण असतं हे मला कोणी सांगितलंच नाही, याचा मला आजही राग आहे.

मग त्यांनी फोलीचा फुगा बसवला. बारीक रबरी नळी आतून तोंडाच्या पलीकडे सरकवतात आणि टोकाच्या फुग्यात सलाईनचं पाणी भरतात, नळीचं दुसरं टोक मांडीला चिकटपट्टीने ओढून लावतात म्हणजे फुगा तोंडावर हळूहळू दाब देत राहतो. बसवताना दुखलं, खोटं सांगणार नाही, पण दोन मिनिटं. नंतर रात्रभर पाळीसारखं कंबर-ओटीपोट दुखत होतं आणि मी भिंतीवरचं घड्याळ बघत होते. पहाटे चार वाजता बाथरूममधे बसले आणि फुगा टपकन बाहेर पडला, मी घाबरून सिस्टरना हाक मारली तर त्या हसून म्हणाल्या "अहो छान झालं, तोंड उघडलं म्हणूनच पडला". तीन-साडेतीन सेंटिमीटर! आणि मी समजत होते की काहीच होत नाहीये. नंतर कळांचं सलाईन, थेंब अर्ध्या अर्ध्या तासाने वाढवत, अकराला पाणी फोडलं, संध्याकाळी पाचला सहा सेंटिमीटर, आणि बाळ रात्री अकरा चाळीसला. ॲडमिट झाल्यापासून साधारण अठ्ठावीस तास. घरचे दर तासाला फोन करून "झालं का" विचारत होते आणि मला वाटत होतं माझंच काहीतरी चुकतंय.

बहिणीचं बघ, दोनला कळा सुरू, पहाटेपर्यंत घरीच, गरम पाण्याने अंघोळ केली, चालली, सातला हॉस्पिटलमधे गेली तेव्हा पाच सेंटिमीटर, दुपारी तीनला मोकळी. तेरा तास, त्यातले पाच घरच्या गादीवर.

पण तिचे ते तेरा तास मोजताना त्याआधीचे दोन आठवडेही मोजायला हवेत, आणि ते कोणी मोजत नाही. ४० झाल्यावर आठवड्यातून दोनदा पट्टा लावून बाळाचे ठोके बघायचे, मधे पाण्याची सोनोग्राफी, रोज हालचाल मोजायची, एकदा खोट्या कळांनी रात्री जाऊन परत आली, झोप नाही, पाय सुजलेले. ती मला म्हणाली होती "ताई, तुझं निदान कुठल्या दिवशी सुरू होणार ते तरी माहीत होतं." हे ज्याचं त्याच्यावर आहे, कोणाला तारीख माहीत असली की शांत वाटतं, कोणाला आपल्या शरीराने स्वतः सुरुवात केली याचंच बळ येतं, दोन्ही खरं आहे आणि दोन्हीत कमीपणा काही नाही.

दुखण्याबद्दल सगळ्यात जास्त विचारलं जातं. सलाईनच्या कळा जोरात असतात, हे माझ्यापुरतं खरं. आपोआपच्या कळा चढत चढत जातात, मधे श्वास घ्यायला जागा देतात, शरीराला हळूहळू सवय होते. माझ्या दुपारनंतर एकदम जवळजवळ यायला लागल्या, मधे दीड मिनिटसुद्धा मिळेना, एकदा तर दहा मिनिटांत सहा आल्या तेव्हा सिस्टरनी लगेच सलाईन बंद केलं, मला डाव्या कुशीवर वळवलं आणि बाळाचे ठोके बघितले. दहा मिनिटांत पाचपेक्षा जास्त येत राहिल्या तर बाळाला मधे पुरेसा ऑक्सिजन न मिळण्याचा धोका असतो, म्हणून तर इंडक्शनमधे पोटाला पट्टा बराच वेळ लावलेला असतो आणि फिरता येत नाही, हा एक मोठा तोटा. मी साडेपाचला एपिड्युरल, म्हणजे कळांचं दुखणं कमी करणारं पाठीतलं इंजेक्शन, घेतलं आणि ते घेतलं म्हणून बरं झालं. पण त्याच अराइव्ह अभ्यासात कळा आणलेल्या बायकांनी दुखणं थोडं कमी आणि परिस्थिती हातात असल्याची भावना थोडी जास्त सांगितली, तेव्हा माझ्या अनुभवावरून तू घाबरू नकोस, फक्त इंडक्शन करणार असशील तर एपिड्युरल मिळेल का, रात्रीसुद्धा मिळेल का, हे आधी विचारून ठेव.

बाळाच्या बाजूने बोलायचं तर माझा मुलगा २ किलो ९०० आला, लगेच रडला, दूध ओढलं. भाची ३ किलो ४००, पण पाणी गेलं तेव्हा हिरवट, म्हणजे तिने आतच शी केलेली, बालरोगतज्ज्ञ बाजूला उभे राहिले, देवाच्या कृपेने काही झालं नाही. दिवस वर गेले की हे जास्त बघायला मिळतं, आणि वारेचं कामही मंदावू शकतं. म्हणून थांबायचं म्हणजे कायमचं थांबायचं नाही. स्वीडनमधे २७६० बायकांचा एक अभ्यास झाला, ४१ला कळा आणायच्या की ४२ची वाट बघायची, तो मधेच थांबवावा लागला कारण वाट बघणाऱ्या गटात सहा बाळं गेली आणि दुसऱ्या गटात एकही नाही. २०१९ मधे ते छापून आलं. मी ते वाचलं तेव्हा बहीण ४० आठवडे ३ दिवसांवर होती, मी तिला सरळ फोन केला की ४१च्या पुढे एक दिवसही नको. जागतिक आरोग्य संघटनाही ४१ पूर्ण झाले की इंडक्शनचा सल्ला देते.

मग आज परत माझ्यावर वेळ आली तर? तोंड तयार असेल, स्कोर सात-आठ असेल, हॉस्पिटल धीर धरणारं असेल तर मी ३९ला आनंदाने जाईन. तोंड माझ्यासारखं कच्चं असेल आणि सगळं ठीक असेल तर मी चार-पाच दिवस थांबेन, दरम्यान डॉक्टरांना विचारून स्वीपिंग करून घेईन, म्हणजे आतली तपासणी करताना बोटाने पिशवीचा पडदा तोंडापासून सुटा करतात, थोडं दुखतं, थोडा रक्ताचा डाग दिसतो, पण त्यामुळे पुढे औषधाने कळा आणायची गरज पडण्याची शक्यता कमी होते. हे माझं मत. माझ्या मैत्रिणीला विचारशील तर ती थेट ३९च सांगेल, कारण ती ४१ पर्यंत थांबली, मग इंडक्शन, मग बावीस तासांनी सिझर, आणि तिला वाटतं की ते दोन आठवडे उगाच गेले. कदाचित ३९ला केलं असतं तरी सिझरच झालं असतं, ते आता कोणालाच कळणार नाही, आणि त्यात तिची चूक काहीच नव्हती हे मी तिला दर वेळी सांगते.

डॉक्टरांना भेटायला जाशील तेव्हा नवऱ्याला किंवा आईला सोबत ने आणि हे विचार: माझा स्कोर किती, तोंड मऊ करायला आधी फुगा की जेल की गोळी, सलाईन चालू झाल्यावर किती तास वाट बघणार, मधे खाता येईल का, उठून फिरता येईल का. उत्तरं कागदावर लिहून घे, त्या खोलीत काही डोक्यात राहत नाही.

आणि थांबायचं ठरवलंस तर हालचाल. शेवटच्या दिवसांत बाळ कमी हलतं असं म्हणणाऱ्यांचं अजिबात ऐकू नकोस, लाथ मारायची पद्धत बदलेल पण हालचाल कमी व्हायला नको, कमी वाटली तर सकाळची वाट न बघता जायचं. बहीण अशी दोनदा गेली, दोन्ही वेळा पट्टा लावून, ठोके बघून परत पाठवलं, दुसऱ्यांदा तिला ओशाळल्यासारखं झालं तर रात्रपाळीच्या सिस्टर म्हणाल्या, "तिसऱ्यांदा वाटलं तर तिसऱ्यांदा या, मी इथेच आहे."